त्या रकान्यात मी 'नाही' लिहायला लावलं

डॉक्टरांनी पडद्यावरच्या हलत्या काळ्यापांढऱ्या चित्रावर बोट ठेवलं अन् म्हणाले, "ही भिंत जाड आहे."

कशाची भिंत ते मला आधी कळलंच नाही. माझा पोरगा मिलिंद टेबलावर डाव्या कुशीवर पडला होता, छातीला गार चिकट काहीतरी लावलेलं. वय अठ्ठावीस, सहा फुटाला एक बोट कमी. नऊ वर्षं तो क्लबाकडून फुटबॉल खेळून पोट भरत होता. मागं उभं राहून समोरच्याला गोल मारू द्यायचा नाही, ते त्याचं काम. त्याला डिफेंडर म्हणतात. त्याच्या अंगाकडं बघून आत काही बिघडलंय असं कुणी म्हणलं नसतं.

"खेळाडूच्या हृदयाची भिंत थोडी जाड होतेच," डॉक्टर म्हणाले. "पण ही सोळा मिलिमीटर आहे. मला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीची शंका आहे."

ते नाव मी चिठ्ठीवर लिहून घेतलं, अजून खिशात आहे. अर्थ असा की हृदयाचं मांस आतून वाढत जातं. रक्ताला जागा कमी पडते, अन् कधीतरी ठोके भरकटतात. भरकटले की माणूस उभ्या जागी पडतो. काही उठतात, काही उठत नाहीत. हा रोग खाण्यापिण्यानं होत नाही, घराण्यातून येतो. आईला किंवा बापाला असला तर प्रत्येक लेकराला यायची निम्मी शक्यता. हे सगळं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं.

मी मुदखेडचा. रेल्वेत कीमन होतो, म्हणजे रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी चालायचा अन् रूळ धरून ठेवणारी चावी सुटली असली तर हातोड्यानं ठोकून बसवायची. शाळा चौथीपर्यंत. बायको कौसा नऊ वर्षांमागं गेली. मला लिहायची सवय नाही. तरी लिहून राहिलो, कारण लातूरच्या त्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेली माणसं मी बघितली. डॉक्टरनं घरच्यांच्या आजारांचं विचारलं की निम्मी माणसं जमिनीकडं बघत होती. मी बी तेच केलं. त्याचं काय झालं ते सांगतो.

मुदखेडला रेल्वेच्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळायची. सगळ्यांना पुढं खेळायचं असायचं, गोल मारायला. मिलिंद उंच होता अन् त्याला पुढं जायची घाई नव्हती, म्हणून पोरांनी त्याला मागं उभा केला. तो तिथंच राहिला. आधी जिल्ह्याच्या टीमात, मग राज्याच्या. मग गोव्याचा एक क्लब, मग कलकत्त्याचा, मग पंजाबातला, परत गोवा. वर्षा-दोन वर्षांनी नवा करार, नवी खोली, नवी भाषा. नाकाचं हाड दोनदा मोडलं. डाव्या भुवईला सात टाके. एक गुडघा उघडून परत शिवला, तेव्हा आठ महिने घरी होता अन् भिंतीला बॉल मारून मारून त्यानं घराचा रंग काढला.

डिफेंडरचं नाव कुणी घेत नाही. टीम जिंकली की गोल मारणाऱ्याचा फोटो. हरली की याच्या चुकीचा व्हिडिओ, तोच तोच, दहा वेळा. मी त्याला म्हणलो होतो, तुझं काम माझ्यासारखंच आहे, गाडी नीट गेली तर आत बसलेल्याला रूळ दिसत नाही. त्याला ते पटलं होतं. एका हिंदी पेपरवाल्याला त्यानं ते सांगितलंबी, पण छापून आलं नाही.

मे महिन्यात तो सुट्टीला आला. पुढच्या क्लबाचं बोलणं झालं होतं, फक्त सही राहिली होती. लातूरला त्याच्या जुन्या दोस्तांनी सात-सात जणांची स्पर्धा भरवली, पाहुणा म्हणून याला बोलावलं. मी बी गेलो, मांडवात बसलो. दुसऱ्या हाफात उंच आलेला बॉल डोक्यानं काढायला तो उडाला. खाली आला तो पायावर नाही, तोंडावर. कुणी धक्का दिला नव्हता. जवळ तर कुणी नव्हतंच.

पाऊण मिनिटानं डोळे उघडले अन् म्हणला, "कितीनं पुढं हाव आपण?"

पोरं हसली. एकानं कांदा फोडून नाकाला लावला. सगळे म्हणाले, उन्ह लागलं. हे दोन शब्द मी नऊ वर्षांमागं माझ्याच तोंडानं बोललो होतो, म्हणून मी अडून बसलो. म्हणलो, दवाखान्यात न्यायचं म्हणजे न्यायचं. मिलिंद चिडला, पण आला.

ईसीजी झाला, म्हणजे ठोक्यांचा आलेख. तो बघून डॉक्टरांनी इको करायला लावला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिथं ती भिंत दिसली. मग भरती करून घेतलं अन् छातीला होल्टर लावला. होल्टर म्हणजे गळ्यात अडकवायची डबी, दिवसरात ठोके मोजते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर राऊंडला आले तेव्हा खोलीत माझी लेक वंदना होती. तिला चाकूरला दिलंय. चाकूर नांदेड-लातूरच्या वाटेवरच, म्हणून तिची सासू तिला अन् भाकरीचा डबा घेऊन भेटायला आली होती. विहीणबाई तोंडानं फटकळ. आल्या आल्या सुरू झाल्या.

"काय रं, वाळून गेलास की. बॉलामागं पळून कुणाचं भलं झालंय? पाव्हणं, लगीन करा ह्याचं आता."

मिलिंद म्हणला, "मावशी, मी बॉलामागं पळत न्हाई. बॉल घेऊन येणाऱ्यामागं पळतो."

"मंग तर अजूनच येडा हायस."

तेवढ्यात डॉक्टर आले. फाइल उघडली अन् विचारलं, "घरात कुणी कमी वयात, अचानक गेलं आहे का? कुणाला वारंवार चक्कर यायची? आई कशानं गेल्या?"

मिलिंद म्हणला, "आई उन्हानं गेली सर. बाकी कुणी न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच माहीत होतं.

डॉक्टर माझ्याकडं वळले. "काका?"

विहीणबाईबी माझ्याकडंच बघत होत्या, हातात डब्याचं फडकं. मी म्हणलो, "न्हाई साहेब. आमच्यात तसलं काही न्हाई."

आता खरं काय ते लिहितो.

कौसाला लग्नाआधीपासून चक्कर यायची. पाण्याचा हंडा डोक्यावर असताना ती मटकन खाली बसायची. तिचा सख्खा भाऊ जत्रेत कुस्ती जिंकून उठला अन् तिथंच पडला, चोवीस वर्षांचा. गावानं करणी म्हणलं. तिचा आजाबी असाच वावरात गेला. तिच्या बापानं लग्नाच्या वेळी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिला करून घेतलं नसतं, हेबी खरं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनंच मला सगळं सांगितलं. मी म्हणलो, हे पुन्हा कुणापुढं बोलायचं नाही. ती हयातभर बोलली नाही.

आमच्याकडं घराण्यात रोग आहे म्हणलं की सोयरीक मोडते. कोड, फिट, टीबी, सगळं झाकायचं. सगळेच झाकतात, अन् दुसऱ्यानं झाकलं असंल म्हणून चौकशीबी करतात. मी बी वंदनाच्या सासरची चौकशी केली होती.

वंदनाचं चाकूरचं जमलं होतं. साखरपुड्याला आठ दिवस राहिले होते. कपडे घेऊन मी अन् कौसा नांदेडहून परत आलो. मुदखेड स्टेशनचा पूल चढताना ती वरच्या पायरीवर गेली, पिशवी खाली ठेवली अन् पडली. मी तिच्या मागं दोन पायऱ्यांवर होतो. हाक मारली, हलवली. तिनं परत डोळे उघडले नाहीत. वय अठ्ठेचाळीस.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "हृदयाचं काही होतं का? पोस्टमार्टम करायचं का?" मी म्हणलो, "न्हाई. उन्ह लागलं." वैशाख होता, सगळ्यांना पटलं. मिलिंद तेव्हा गोव्याला ट्रायलला गेला होता. आईच्या मातीला तो पोचला नाही.

दोन महिन्यांनी क्लबानं त्याला घ्यायचं ठरवलं. त्याचा फोन आला. "आबा, इथं मेडिकलचा फॉर्म भरून राहिलोय. घरात कुणाला हार्टचं होतं का विचारतेत. ईसीजीत जरा फरक हाय म्हणतेत, पण खेळाडूचं असतंच तसं. घरात कुणाला नसंल तर काही अडचण न्हाई."

वंदनाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. मी म्हणलो, "नाही लिही."

त्या एका शब्दावर माझा पोरगा नऊ वर्षं त्या हृदयानं पळाला. भर उन्हात नव्वद नव्वद मिनिटं.

तर त्या दिवशी लातूरला मी परत तेच बोललो. डॉक्टर म्हणाले, "घरात कुणाला नाही, म्हणजे हे खेळाडूचं हृदयही असू शकतं. तीन महिने पूर्ण विश्रांती. खेळ बंद केल्यावर भिंत कमी झाली तर काळजी नाही. नाही झाली तर रोग आहे असं धरू." होल्टरमध्ये सहा-सात ठोके वेडेवाकडे सापडले होते. तेबी त्यांना आवडलं नव्हतं, पण तेवढ्यावर ते ठाम बोलले नाहीत.

आम्ही मुदखेडला आलो. तिसऱ्या दिवशी मिलिंद बॅग भरून राहिला होता.

"कुठं?"

"तीन महिन्यात सीझन जातो आबा. मागं खेळणाऱ्याला अठ्ठाविसाव्या वर्षी कोण थांबून राहतंय? दुसरा क्लब हाय, खालच्या लीगचा. तिथं मेडिकल एवढं बघत न्हाईत. परवाची गाडी हाय."

मी चहाचा कप ठेवला अन् सगळं सांगितलं. पूल, भाऊ, आजा, फॉर्म. मला वाटलं होतं तो ओरडंल. तो बॅगची चेन लावत ऐकत राहिला.

मग म्हणला, "आई गेल्यापास्नं तुमाला मी घरी पाहिजे. म्हणून काढलं हे."

"काढलं न्हाई. खरं हाय."

"परवा डॉक्टर विचारत होता तवा खोटं होतं, अन् आता खरं झालं?"

त्यानं बॅग दाराशी नेऊन ठेवली. तो म्हणला, "खरं आसंल तर चाकूरला चला. ताईच्या सासूच्या तोंडावर हेच बोला. तिथं बोललाव तर मी मानतो."

पोरगा मला ओळखून होता. स्वतःची इज्जत जाईल असं खोटं आबा बोलणार नाही, अन् खरंबी बोलणार नाही, असं त्याला वाटलं असावं. रात्रभर मी आस धरून होतो की सकाळी त्याचा राग जाईल अन् चाकूरला जावं लागणार नाही. सकाळी तो बॅग घेऊनच बाहेर पडला. म्हणला, तुम्ही बोलला नाहीत तर मी तिथूनच पुढं जाईन.

एसटीत एका सीटवर बसून आम्ही चाकूरला आलो.

विहीणबाई ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. "या पाव्हणं. ह्यो खेळगडी हिंडायला लागला व्हय?" वंदनानं पाणी आणलं. मी तांब्या हातात घेतला नाही. पाणी पिलो असतो तर चहा आला असता, चहा पिलो असतो तर जेवायला थांबलो असतो, अन् बोललो नसतो.

"विहीणबाई, वंदीची आई उन्हानं गेली न्हाई. तिच्या काळजाचा रोग होता. तिच्या भावालाबी होता. आता मिल्याला निघालाय. लेकरात उतरतो म्हणतेत."

सुपावर त्यांचा हात थांबला. "कवापास्नं माहीत हाय तुमाला?"

"लग्नाच्या आधीपास्नं."

"कुणाच्या लग्नाच्या? वंदीच्या का तुमच्या?"

"माझ्या झाल्यावर कळलं. वंदीच्या आधी माहीतच होतं."

"आमास्नी फसिवलं तुमी."

"हाव."

"नुसतं हाव?"

"दुसरं काय म्हणू."

वंदना दारातच उभी होती. ती म्हणली, "आबा, मलाबी येती चक्कर. तनू पोटात होती तवा दोनदा पडले मी."

सासू तिच्याकडं वळली. "अन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी म्हणला असता, माहेराहून रोग आणला."

विहीणबाई सूप बाजूला सारून उठल्या. "म्हणले असते. खरंय. ऊठ, लुगडं बदल. तनूलाबी संगं घे. आत्ताच्या आत्ता लातूरला जायचं." अन् मला म्हणल्या, "तुमचं मी मागनं बघते. आता मला टाइम न्हाई."

मिलिंद पायरीवर बसला होता, बॅग पायाशी. त्यानं फोन काढला. हिंदीत बोलून राहिला. "नहीं, घुटना नहीं. हार्ट. नहीं आऊंगा." पलीकडचा माणूस दोन शब्द बोलला अन् फोन ठेवला. एवढ्यावर संपलं. नऊ वर्षांचं काम बंद करायला एवढाच वेळ लागला.

तो मला म्हणला, "ह्या नऊ वर्षांत कवाबी सांगता आलं असतं." त्यानंतर पाच महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

लातूरला डॉक्टरांनी मला आत एकट्याला घेतलं. मी सांगत गेलो, ते कागदावर काढत गेले. बाईला गोल, बाप्याला चौकोन. याला पेडिग्री चार्ट म्हणतात, म्हणजे रोगाची वंशावळ. गेलेल्या माणसावर तिरपी रेघ मारतात. आज्यावर रेघ, भावावर रेघ, मग कौसाचा गोल काढला अन् त्याच्यावर रेघ. ती गेल्यावर नऊ वर्षांत कुणी तिच्याबद्दल एक खरी गोष्ट कागदावर लिहिली ती तेव्हा. मला तिथं रडू आलं. डॉक्टर थांबले. मग म्हणाले, "काका, आधी सांगायला हवं होतं. पण आज सांगितलंत म्हणून पुढचं ठरवता येतंय."

वंदनाचा इको झाला. तिची भिंत मिलिंदपेक्षा जाड निघाली. तिची लेक तनू सात वर्षांची, तिचं आज ठीक आहे. पण दर वर्षी तपासायचं, वयात येताना जास्त लक्ष ठेवायचं. वंदनाला रोज गोळी सुरू झाली. बीटा ब्लॉकर म्हणतात, ठोके आवरून धरणारी गोळी. दुसरं लेकरू विचारून करायचं, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बसवून सांगितलं. जावई भला माणूस आहे. माझ्या पाया पडायचं मात्र त्यानं सोडलं.

मिलिंदला आयसीडी बसवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी मशीन, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत ठेवतात. तिची वायर हृदयात जाते. ठोके भरकटले की ती आतून शॉक देते. ऑपरेशनला दीड-दोन तास लागले. मी बाहेर बसलो होतो. विहीणबाई चाकूरहून आल्या, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या अन् शेवटपर्यंत थांबल्या. बोलल्या नाहीत. डबा आणला होता, तो मिलिंदसाठी ठेवून गेल्या. त्या अजून माझ्या घरी पाणी पीत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवशी त्या रुसून बसल्या असत्या तर वंदनाचं कळलं नसतं.

घरी आल्यावर मिलिंद दिवसभर पडून राहायचा. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं सांगितलं होतं. एकदा मोबाइलवर त्याच्या जुन्या क्लबाचा सामना चालू होता. त्याच्या जागी केरळचा एक पोरगा उभा होता. मिलिंद पाच मिनिटं बघून म्हणला, "चांगलाय. पण वळायला उशीर करतो." अन् बंद केला. कामाच्या गोष्टीशिवाय त्या महिन्यात तो माझ्यासमोर बोललेलं तेवढंच.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस सकाळी तो गॅसची टाकी ओट्याखाली सरकवत होता. एकदम मागं फेकला गेला, भिंतीवर आपटला. मी धावलो. तो छाती धरून बसला होता, तोंड पांढरंफटक. म्हणला, "कुणीतरी दोन्ही पाय जुळवून लाथ मारली."

नांदेडला नेलं. एकानं छातीवर यंत्र धरून मशीनमधली नोंद वाचली. ठोके भरकटले होते, मशीननं शॉक दिला, ठोके जाग्यावर आले. "मशीन नसती तर?" मिलिंदनं विचारलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तर तुम्ही हे विचारायला इथं नसता." गोड करून नाही सांगितलं. बरं केलं.

परतीला रिक्षात तो म्हणला, "आई पुलावर पडली तवा तिला बी असंच झालं आसंल?"

"हाव."

"दुखलं आसंल?"

"न्हाई. तिला कळलंबी न्हाई."

"हे तरी खरं हाय का आबा?"

"हे खरं हाय. मी दोन पायऱ्यांवर होतो."

त्यानं मान हलवली. स्टेशन येईपर्यंत त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

वाचणाऱ्याला माझं सांगणं आहे. डॉक्टर विचारतील तेव्हा खोलीत पाव्हणे असतील तर त्यांना बाहेर पाठवा, नाहीतर त्यांच्यासमोर बोला, पण बोला. घरात कुणी तरणं माणूस उभ्या उभ्या गेलं असंल अन् लोकांनी करणी, उन्ह, वारं म्हणून मिटवलं असंल, तर ते डॉक्टरला सांगा. पोरगं खेळात असंल तर पहिलं सांगा. खेळणाऱ्याला चक्कर आली अन् तो हसत उठला तरी एक इको करून घ्या. सख्खी भावंडं, लेकरं, सगळ्यांची तपासणी करा. मशीनला भिऊ नका. ती असताना माणूस चालतो, कामाला जातो. मिलिंद आता सकाळी रेल्वेच्या मैदानावर लाइनीच्या बाहेर उभं राहून पोरांना कुठं उभं राहायचं ते सांगतो. स्वतः पळत नाही. पळायचं नाही हे त्याला अजून रोज कळतं.

कौसा असती तर आज सत्तावन्नची असती. तिच्याबी छातीत मशीन बसली असती. मी तिला गप्प केलं, हे मला कुणी माफ करायचं नाही. करणारी राहिलीच नाही.

मागच्या महिन्यात औशाकडून पाव्हणे आले होते, मिलिंदला बघायला. मुलीचा बाप, चुलता अन् मधला माणूस. मी वंदनाला बोलावलं होतं, तिनं आत चहा टाकला. ते बसले, टोप्या मांडीवर घेतल्या. मी म्हणलो, "पोराच्या छातीत मशीन हाय. आईकडून आलेला काळजाचा रोग हाय, लेकराला येऊ शकतो. बहिणीलाबी हाय, ती आत चहा करून राहिली. आता काय ते विचारा."

त्यांनी काही विचारलं नाही. बापानं एकदा मिलिंदकडं बघितलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. मग म्हणला, कळवतो. चहा बाहेर आला तोवर ते फाटकाबाहेर होते.

मिलिंदनं ट्रे बहिणीच्या हातातून घेऊन खाली ठेवला.

"आबा, पुढच्या बारीला आधी चहा तरी पिऊ द्या त्यास्नी. औशाहून आले होते बिचारे."

"चहा पिला की माणूस आपला होतो," मी म्हणलो. "मंग मला बोलता येत न्हाई."

एक कप त्यानं उचलला, एक माझ्याकडं सरकवला.

"मंग प्या. तीन कप हायेत, अन् आपणबी तिघंच."